दहा तारखेच्या रात्रीचा हिशेब: वेब ॲप्लिकेशनचं मॉडेल कसं मांडायचं आणि त्यावरून मॉनिटरिंग कसं लावायचं

ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच हाउसिंग सोसायट्यांचा मेंटेनन्स आता ॲपवरून भरला जातो. बिल एक तारखेला निघतं, मुदत दहापर्यंत असते, आणि दहाच्या रात्री जेवणं उरकली की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतचे सभासद एकाच तासात लॉगिन करतात. महिनाभर निवांत चालणारं ॲप नेमकं त्या तासात आडवं होतं. दुसऱ्या दिवशी मीटिंग होते आणि ठरतं, की सर्व्हर मोठा घेऊ.

मोठ्या सर्व्हरने कधीकधी काम भागतंही. पण ते का भागलं आणि किती दिवस भागेल, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी, डॅशबोर्ड लावण्याच्याही आधी, ॲपचं मॉडेल मांडायला हवं असं माझं ठाम मत आहे. मॉडेल म्हणजे एका एक्सेल शीटवर मावेल इतका हिशेब. किती रिक्वेस्ट (ॲपने सर्व्हरकडे केलेल्या मागण्या) येतात, प्रत्येक रिक्वेस्ट कुठल्या साधनाचा (सीपीयू, डिस्क, डेटाबेस) किती वेळ खाते, आणि कुठलं साधन आधी संपतं. एवढं हाती आलं की लक्ष कशावर ठेवायचं हेही त्यातूनच ठरतं.

हा हिशेब शिकण्यासाठी एक सोसायटी-बिलिंग ॲप धरू. वागळे इस्टेटमध्ये किंवा महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात चार-पाच जणांची टीम सांभाळते तसं. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही भरा.

आधी गर्दी मोजा

३०० सोसायट्या, सरासरी १५० फ्लॅट, म्हणजे ४५,००० फ्लॅट. दहा तारखेला रात्री ९ ते १० या तासात त्यातले २० टक्के लोक आले तर ९,००० भेटी झाल्या. एका भेटीत सर्व्हरकडे साधारण ८ रिक्वेस्ट जातात: लॉगिन, मुख्य पान, बिल, बिलाची पीडीएफ, लेजर (फ्लॅटचं जमा-बाकीचं खातं), पेमेंट सुरू करणं, पेमेंटची स्थिती आणि पावती. तासाला ७२,००० रिक्वेस्ट, म्हणजे सेकंदाला २०.

ही तासाची सरासरी झाली. गर्दी सपाट येत नाही, म्हणून तासातल्या सर्वात वाईट मिनिटासाठी अडीच पट धरू: सेकंदाला ५०. हा गुणक अंदाजाने ठेवू नका. एनजिनेक्स या वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमधून, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टच्या नोंदवहीतून, गेल्या दहा तारखेच्या रिक्वेस्ट मिनिटवार मोजल्या की तो थेट मिळतो.

आता एक पडताळा. १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम इथे कामाला येतो: एखाद्या व्यवस्थेत एका वेळी सरासरी जितके लोक असतात, ते येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ इतके असतात. सेकंदाला अडीच सभासद येतात आणि प्रत्येक जण ॲपवर सरासरी चार मिनिटं, म्हणजे २४० सेकंद असतो. एका वेळी ६०० लोक. तुमच्या सेशनच्या नोंदी १,५०० दाखवत असतील तर वरचा कुठला तरी आकडा चुकीचा आहे, आणि तो सापडल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा नियम लोक कसे विखरून येतात, रांग कशी आहे, काहीही विचारत नाही. पूर्ण ॲपला लागू होतो, तसाच वर्कर पूललाही (सर्व्हरवर रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेसचा गट) लागू होतो, आणि पुढे तोच सर्वात जास्त उपयोगी पडणार आहे.

मग प्रत्येक रिक्वेस्टचा खर्च काढा

एखादं साधन एका रिक्वेस्टवर किती वेळ खर्च करतं हे थेट मोजणं अवघड असतं. भागाकाराने मात्र ते सहज निघतं: साधन किती व्यस्त होतं, भागिले त्या काळात सेकंदाला किती रिक्वेस्ट झाल्या.

डेटाबेसच्या मशीनला ४ कोअर, म्हणजे सीपीयूचे एकाच वेळी काम करणारे चार भाग, आहेत आणि सेकंदाला २० रिक्वेस्ट असताना सीपीयू ४० टक्के दिसला. म्हणजे दर सेकंदाला १.६ कोअर-सेकंद (४ गुणिले ०.४) खर्च झाले. भागिले २०, म्हणजे एका रिक्वेस्टमागे ८० मिलिसेकंद. चारही कोअर पूर्ण पिळले तरी ४ भागिले ०.०८, म्हणजे सेकंदाला ५० रिक्वेस्ट. त्यापुढे हा डेटाबेस जाऊ शकत नाही.

ॲप सर्व्हर दोन, प्रत्येकी ४ कोअर, सीपीयू २५ टक्के. म्हणजे २ कोअर-सेकंद, दर रिक्वेस्टला १०० मिलिसेकंद, आणि मर्यादा सेकंदाला ८०. डिस्क १५ टक्के व्यस्त, म्हणजे दर रिक्वेस्टला साडेसात मिलिसेकंद, मर्यादा १३३.

तिन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. वाईट मिनिटाला हवेत ५०, आणि डेटाबेसची कमाल मर्यादाही ५०. अशा वेळी तिसरा ॲप सर्व्हर घेणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मर्यादेपर्यंत चालवायचंही नसतं. साधन जसं भरत जातं तशी रांग वाढते, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही. टेलिफोन एक्स्चेंजवरच्या कॉल्सच्या गर्दीचा हा अभ्यास कोपनहेगनमध्ये गणितज्ञ एरलांग यांनी १९०९ च्या सुमारास सुरू केला. एकाच खिडकीच्या सोप्या सूत्रानुसार प्रतिसादाचा काळ म्हणजे मूळ कामाचा वेळ भागिले शिल्लक क्षमता. साधन ५० टक्के भरलं तर वेळ दुप्पट, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट. कोअर चार असले की हे वळण उशिरा येतं, पण आलं की जास्त अचानक येतं. म्हणून वाईट मिनिटालासुद्धा कुठलंही साधन ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये अशा बेताने आखणी करावी.

सरासरीच्या पोटात कोण लपलंय?

८० मिलिसेकंद हा आठ वेगवेगळ्या रिक्वेस्टचा मिळून आकडा आहे. तो फोडल्याशिवाय दुरुस्ती कुठे करायची ते कळत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन चालू करा आणि क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) एकूण वेळेनुसार उतरत्या क्रमाने लावा. ‘एका वेळी किती लागला’ या रकान्यात अडकू नका. महिन्यातून एकदा चालणारी वीस सेकंदांची क्वेरी निरुपद्रवी असू शकते, आणि तासाला लाख वेळा चालणारी पाच मिलिसेकंदांची क्वेरी तुम्हाला बुडवू शकते.

बिलिंगच्या ॲपमध्ये माझा पहिला संशय लेजरवर असतो. आठातली एक रिक्वेस्ट लेजरची धरू आणि तिचा डेटाबेस-खर्च ४०० मिलिसेकंद निघाला असं समजू. मग सरासरीतले ५० मिलिसेकंद एकट्या लेजरचे, आणि उरलेल्या सात प्रकारांचे मिळून फक्त ३०. लेजर इतकं महाग का पडतं ते पाहायला त्या एका पानाच्या क्वेऱ्या ओळीने लावून बघा. पहिली क्वेरी फ्लॅटची सगळी बिलं आणते. मग प्रत्येक बिलासाठी वेगळी क्वेरी त्याच्या पावत्या आणते. सहा वर्षांची ७२ बिलं असतील तर ७३ क्वेऱ्या. वर थकबाकीची बेरीज सोसायटी सुरू झाल्यापासून दर वेळी नव्याने होते.

यावरचे उपाय साधे आहेत. पावत्या एकाच क्वेरीत आणा. सोसायटी, फ्लॅट आणि तारीख या क्रमाने एकत्र इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) लावा. ३१ मार्चची शिल्लक साठवून ठेवा आणि बेरीज ओपनिंग बॅलन्सपासून सुरू करा. कुठलाही अकाउंटंट वही अशीच ठेवतो. बदल केल्यावर एक्सप्लेन ॲनलाइज (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) चालवून इंडेक्स खरंच वापरला जातोय का ते पाहा. लेजर ४०० वरून ४० वर आलं तर सरासरी ८० वरून ३५ होते आणि डेटाबेसची मर्यादा ५० वरून ११४ वर जाते.

पण त्याबरोबर संपूर्ण ॲपची मर्यादा ११४ होत नाही. आता आधी संपणारं साधन ॲप सर्व्हर आहे, ८० वर. ७० टक्क्यांचा नियम लावला तर वापरण्याजोगे ५६, आणि आपल्याला हवेत ५०. भागतंय. डेटाबेसवर आणखी दोन आठवडे घालवून या क्षणी काही हाती लागणार नाही, हे शीट तुम्हाला सांगते. माझ्या मते मॉडेलचा हाच मोठा फायदा: थांबायचं कुठे ते कळतं.

सीपीयू रिकामा, तरी ॲप ठप्प

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

प्रत्येक ॲप सर्व्हरवर २० वर्कर, एकूण ४०. पेमेंट सुरू करणारी रिक्वेस्ट आठात एक, म्हणजे वाईट मिनिटाला सेकंदाला सव्वासहा. ती पेमेंट गेटवेच्या (पैसे कापून घेणाऱ्या बाहेरच्या सेवेच्या) उत्तराची ३ सेकंद वाट पाहते. लिटलचा नियम लावा: ६.२५ गुणिले ३, म्हणजे जवळपास १९ वर्कर नुसते ताटकळत उभे. तोवर ठीक. दहा तारखेला गेटवेवरही ताण असतो. त्याचं उत्तर १० सेकंदांनी यायला लागलं तर ६२ वर्कर लागतील, आणि आहेत ४०. मग बिल बघायला आलेल्या माणसालाही पान उघडत नाही, आणि सीपीयूचा आलेख मात्र शांत दिसतो. ज्या टीमकडे फक्त सीपीयू आणि मेमरीचे आलेख आहेत, ती इथे तासभर चाचपडते.

यासाठी पेमेंटच्या रिक्वेस्टना वेगळा, मर्यादित वर्कर पूल द्या, म्हणजे गेटवे अडला तरी बाकीचं ॲप चालत राहील. गेटवेच्या कॉलला टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, ठेवा. मात्र टाइमआउट झालं म्हणजे पेमेंट फसलं असं कधीही धरू नका. स्थिती ‘प्रलंबित’ ठेवा, गेटवेकडून मागाहून येणारा वेबहुक (गेटवेने आपणहून धाडलेला निरोप) आणि ठरावीक वेळाने केलेली चौकशी यांतून ती मिटवा. प्रत्येक प्रयत्नाला एकच ओळख-क्रमांक द्या, म्हणजे चक्र फिरताना पाहून कुणी पुन्हा बटण दाबलं तरी पैसे दोनदा कापले जाणार नाहीत. दोनदा कापलेल्या मेंटेनन्सची तक्रार आधी खजिनदाराकडे जाते, तो बिचारा हौशी माणूस असतो, आणि त्याचा ॲपवरचा विश्वास एकदा उडाला की परत येत नाही.

दुसरी जागा त्याहून छुपी: पावती क्रमांक. पावत्या सलग हव्यात म्हणून एका टेबलातल्या एका ओळीत शेवटचा क्रमांक ठेवतात आणि ती ओळ लॉक करून पुढचा घेतात. ही ओळसुद्धा एक साधनच आहे, आणि एका वेळी एकालाच मिळते. हे ट्रान्झॅक्शन, म्हणजे लॉक घेतल्यापासून नोंद पक्की होईपर्यंतचं काम, ५० मिलिसेकंदांचं असेल तर सेकंदाला २० पावत्या निघतील, चालतंय. पण कुणी पावतीची पीडीएफ त्याच ट्रान्झॅक्शनच्या आत बनवली आणि तिला अर्धा सेकंद लागला, की सेकंदाला दोनच पावत्या. गरज सव्वासहाची. कितीही कोअर वाढवा, ही मर्यादा हलणार नाही. क्रमांक सोसायटीवार वेगळे ठेवा, कारण सलगता प्रत्येक सोसायटीच्या वहीतच हवी असते, आणि पीडीएफ लॉक सुटल्यावर बनवा. असं काही तुमच्याकडे चाललंय का ते पाहायला गर्दीच्या वेळी पोस्टग्रेसच्या पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी या यादीत लॉकची वाट पाहणारी कनेक्शन मोजा.

कनेक्शन पूलचाही, म्हणजे डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेल्या कनेक्शनच्या गटाचाही, हिशेब तोच. सेकंदाला ५० रिक्वेस्ट, प्रत्येकी ०.१२ सेकंद कनेक्शन धरलेलं, म्हणजे सरासरी ६ कनेक्शन. पूल २०-३० चा पुरतो. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० असते, ती ४०० करून प्रश्न सुटत नाही, रांग फक्त डेटाबेसच्या आत सरकते. गेटवेची वाट पाहताना कनेक्शन हातात धरून ठेवलेलं नाही ना, एवढं मात्र कोडमध्ये जाऊन नक्की पाहा.

गर्दी आपणच बोलावतो का?

४५,००० सभासदांना ‘आज शेवटचा दिवस’ असा संदेश रात्री ९ वाजता दहा मिनिटांत सोडला, तर सेकंदाला ७५ संदेश जातात आणि त्यातले बरेच लोक लगेच लिंक उघडतात. तोच संदेश संध्याकाळी ६ ते ९ असा पसरवला तर सेकंदाला चारच्या आसपास. एक पैसा न घालता शिखर खाली येतं.

बिलांच्या पीडीएफचंही तसंच. ४५,००० पीडीएफ, प्रत्येकी अर्धा सेकंद, म्हणजे २२,५०० कोअर-सेकंद, एका कोअरवर सव्वासहा तास. ते एक तारखेच्या पहाटे रांगेत टाकून उरका. सभासदाने क्लिक केल्यावर पीडीएफ बनवायला घेऊ नये. व्याज आकारणी आणि बॅकअपच्या वेळाही शीटवर लिहा. बॅकअप रात्री ९ ला लावलेला असेल तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

लोड टेस्टमध्ये लोकांना थांबवू नका

मॉडेल खरं आहे का हे लोड टेस्टने, म्हणजे ॲपवर बनावट गर्दी सोडून, ठरवायचं. बहुतेक टेस्ट ‘१०० आभासी वापरकर्ते’ अशा लावलेल्या असतात. त्यात सर्व्हर मंदावला की हे शंभर जण उत्तराची वाट पाहत बसतात आणि नव्या रिक्वेस्ट आपोआप कमी होतात. खऱ्या रात्री तसं होत नाही. कासारवडवलीतल्या माणसाला ठाऊक नसतं की नेरुळच्या माणसाचं पान अडलंय, तो येतोच. त्यामुळे टेस्ट येण्याच्या वेगावर चालवा. के-सिक्स या टेस्टच्या टूलमध्ये ठरावीक वेगाने रिक्वेस्ट सोडण्याची सोय आहे, जेमीटरमध्येही तसे टायमर मिळतात. सेकंदाला १०, २०, ३०, ४०, ५० असे टप्पे घ्या, प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि डेटाबेसचा सीपीयू शीटच्या अंदाजाशी ताडून पाहा. दहा-वीस टक्के फरक चालतो. दुप्पट फरक असेल तर ॲप कसं चालतं हेच आपल्याला नीट उमगलेलं नाही.

टेस्टचा डेटाबेस खऱ्याइतकाच भरलेला हवा. दहा फ्लॅटच्या डेटावर कुठलीही क्वेरी पळते. खरा डेटा उचलायचा असेल तर नावं, मोबाइल नंबर आणि ईमेल आधी पुसून टाका.

फोनवर काय दिसतं

सर्व्हर २०० मिलिसेकंदांत उत्तर देतो, तरी पान चार सेकंदांनी दिसतं, कारण मधे रस्ता आहे. नवं कनेक्शन जोडायला टीसीपीची एक फेरी (फोनपासून सर्व्हरपर्यंत आणि परत), ते सुरक्षित करायला टीएलएस १.३ ची एक, आणि मग रिक्वेस्टची एक. सर्व्हर मुंबईत असेल तर या फेऱ्या स्वस्त पडतात. अमेरिकेत असेल तर एकेक फेरी २०० मिलिसेकंदांच्या पुढे जाते. ॲमेझॉनची क्लाउड सेवा मुंबईतून २०१६ पासून मिळते आणि ऐरोली-महापे-रबाळे भागात तर डेटा सेंटरची रांगच आहे, त्यामुळे ठाण्याच्या सभासदासाठी सर्व्हर परदेशात ठेवण्याला सबळ कारण हवं.

मोजणी खऱ्या फोनवरून करा. ऑफिसच्या फायबरवरचा आकडा ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाचा नसतो. पान वापरायला कसं वाटतं ते मोजणाऱ्या गुगलच्या कोअर वेब व्हायटल्सच्या मर्यादा चांगला पाया देतात: मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि पान हलण्याचा गुण ०.१ च्या आत असावा. या तिन्ही ७५ व्या पर्सेंटाइलला पाहायच्या असतात, म्हणजे शंभरातल्या ७५ भेटींत त्या पाळल्या जाव्यात. स्पर्शाच्या प्रतिसादाचं आयएनपी हे माप मार्च २०२४ मध्ये एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आलं, जुने डॅशबोर्ड असतील तर बदलून घ्या.

एनजिनेक्सच्या लॉगमध्ये एकूण वेळ आणि अपस्ट्रीमचा (मागच्या ॲप सर्व्हरचा) वेळ असे दोन्ही आकडे छापा. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर अडचण नेटवर्कमध्ये किंवा पानाच्या वजनात आहे. दोन्ही मोठे असतील तर तुमच्या दारात.

आता मॉनिटरिंग

प्रोमिथियस (आकडे साठवणारं) आणि ग्राफाना (आलेख दाखवणारं) लावणं दुपारभराचं काम आहे. त्यावर काय दाखवायचं, हे शीट सांगते.

सर्वात वरचा आलेख बहुतेक ठिकाणी नसतोच, आणि माझ्या मते तोच सर्वात मोलाचा: दर रिक्वेस्टमागे डेटाबेसचा खर्च. खर्च झालेले कोअर-सेकंद भागिले रिक्वेस्ट. आपल्या उदाहरणात तो ३५ मिलिसेकंद आहे. मंगळवारी नवी आवृत्ती गेली आणि तो ५० झाला, तर त्या दिवशी कुणाचीही तक्रार येणार नाही, कारण गर्दीच नाही. पण मर्यादा ११४ वरून ८० वर आलेली असते, आणि हे तुम्हाला दहा तारखेच्या आठवडाभर आधी कळतं. या आलेखावर प्रत्येक रिलीजची उभी रेघ मारा.

त्याखाली रिक्वेस्टचा वेग, चुकांचं प्रमाण, प्रत्येक प्रकाराच्या वेळेचा पी-९५ आणि पी-९९ (९५ वा आणि ९९ वा पर्सेंटाइल), व्यस्त वर्करची संख्या, कनेक्शनसाठी थांबण्याचा वेळ, लॉकची वाट पाहणारे, आणि गेटवेच्या उत्तराचा काळ. पर्सेंटाइलची सरासरी काढू नका. दोन सर्व्हरच्या पी-९५ ची सरासरी म्हणजे दोघांचा मिळून पी-९५ नव्हे. हिस्टोग्राम (किती वेळ लागलेल्या किती रिक्वेस्ट, याची गटवार मोजणी) साठवा आणि तो एकत्र करून पर्सेंटाइल काढा. प्रोमिथियसच्या लेबलमध्ये फ्लॅट नंबर घालण्याचा मोह आवरा: ४५,००० फ्लॅट, ८ प्रकार, हिस्टोग्रामचे १० गट (बकेट), म्हणजे ३६ लाख मालिका, आणि मॉनिटरिंगचा सर्व्हरच आधी बसेल. एखाद्या सभासदाची अडचण शोधायला लॉग आणि ट्रेस (एका रिक्वेस्टच्या प्रवासाची नोंद) आहेत. ट्रेससाठी ओपनटेलिमेट्री हे खुलं मानक वापरा, म्हणजे उद्या मॉनिटरिंगचं टूल बदललं तरी कोड बदलावा लागणार नाही.

रात्री माणूस उठवणारा अलर्ट सभासदाला होणाऱ्या त्रासावर ठेवा, सीपीयूवर नको. उदाहरणार्थ, ३० दिवसांत ९९ टक्के रिक्वेस्ट एका सेकंदात यशस्वी व्हाव्यात असं उद्दिष्ट ठेवलं, तर १ टक्का चुकांची मुभा आहे. एका तासात ती मुभा नेहमीच्या १४.४ पट वेगाने संपत असेल, तर महिन्याच्या मुभेतले २ टक्के त्या एका तासात गेले. तेव्हा फोन वाजवा. या प्रकारच्या ॲपसाठी मी ८ ते १० तारखेचं उद्दिष्ट वेगळं आणि कडक ठेवायला सांगेन, कारण सभासद महिन्यातून एकदाच येतो आणि त्याच्या लेखी ती एक रात्र म्हणजेच ॲप.

अकरा तारखेला सकाळी शीट उघडून तीन रकाने भरा: अंदाज, प्रत्यक्ष, फरकाचं कारण. फ्लॅट वाढले असतील तर वरचा आकडा बदला, बाकीचं शीट आपोआप हलेल.

मार्चअखेरीसाठी आणि सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या आधीच्या दिवसांसाठी मात्र वेगळं शीट करा. तेव्हा सभासद कमी येतात आणि ऑडिटर, सेक्रेटरी, खजिनदार जास्त. रिक्वेस्ट थोड्या, पण एकेक रिपोर्ट अख्ख्या सोसायटीचं लेजर मागतो, त्यामुळे सरासरी खर्चाचा जुना आकडा तिथे चालत नाही. असे रिपोर्ट डेटाबेसच्या रिप्लिकावर, म्हणजे सतत अद्ययावत होणाऱ्या प्रतीवर, न्या. रिप्लिका काही क्षण मागे असू शकते, म्हणून नुकत्याच भरलेल्या पैशांची पावती आणि सभासदाची शिल्लक कायम मुख्य डेटाबेसमधूनच दाखवा, आणि रिपोर्टच्या माथ्यावर ‘अमुक वेळेपर्यंतच्या नोंदी’ असं छापा.